हॉलिवुडहून आलेला फिंच

आमच्या न्यू जर्सीत हिवाळ्यात दाणे टिपायला येणारा हाउस फिंच मूळचा इथला नाहीच! तो अमेरिकेच्या पश्चिमेचा. न्यूयॉर्कचे दुकानदार त्याला ‘हॉलिवुड फिंच’ म्हणून बेकायदा विकत. १९४० मध्ये कारवाईच्या भीतीने त्यांनी काही पक्षी लाँग आयलंडवर सोडून दिले. पश्चिमेकडचे बहुतेक फिंच बारा महिने एकाच मुलखात राहतात. इथे मात्र त्यांच्या वंशजांपैकी अनेक जण थंडीत दक्षिणेकडे जाऊ लागले, तेही काही दशकांतच! बाकीच्यांना लोकांनी टांगलेल्या दाण्यांचा आधार झाला. पण त्याच भांड्यांवरच्या गर्दीतून १९९४ पासून डोळ्यांची साथ पसरली आणि पूर्वेकडची संख्या जवळपास निम्म्यावर आली. तेव्हा मंडळी, पाखरांना दाणे जरूर घाला, पण भांडंही घासत जा.