रतनवाडी

महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या ऐन कण्यावरचे एक लहान गाव. रतनगड या किल्ल्याच्या पायथ्याशी आणि भंडारदरा जलाशयाच्या वरच्या टोकाशी ते वसले असून गावाच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर घाटमाथा तुटून कोकणात उतरतो. समुद्रावरून येणारे मोसमी ढग या कड्यांना अडून आपला भार येथेच टाकतात. त्यामुळे रतनवाडी व शेजारचे घाटघर ही राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतात. त्याच जिल्ह्याचा पूर्वभाग मात्र अवर्षणप्रवण आहे. ही तफावत ध्यानात घेतल्याशिवाय रतनवाडीचा अलीकडचा इतिहास नीट उलगडत नाही.

गावाची खरी कीर्ती अमृतेश्वराच्या मंदिरामुळे आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील झंझ राजाने, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी, बारा शिवमंदिरे उभारल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटांत येतो आणि हे त्यांपैकीच एक, अशी परंपरा आहे. तथापि मंदिराची घडण पाहता त्याचे आजचे रूप अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शिखर भूमिज पद्धतीचे आहे, म्हणजे चारही दिशांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेक सलग नक्षीदार पट्टा (लता) जातो आणि मधल्या जागांत मूळ शिखराच्या लहान प्रतिकृती ओळींनी एकावर एक रचलेल्या असतात. अंबरनाथचे शिवमंदिर आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही याच कुळातील मोठी मंदिरे होत. आकाराने अमृतेश्वर त्यांच्याहून बरेच लहान असले, तरी कोरीव कामाच्या नेमकेपणात ते त्यांच्या पंक्तीला बसते. याची आणखी एक विरळा विशेषता अशी, की मंदिराला दोन्ही टोकांनी प्रवेश आहे. ऐन पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साठून पिंडी बुडते. मंदिराजवळच दगडी पायऱ्यांची चौकोनी पुष्करणी असून तिच्या भिंतींतील देवकोष्ठांत (मूर्तीसाठी केलेल्या, शिखरयुक्त कोनाड्यांत) प्रामुख्याने विष्णूच्या मूर्ती आहेत. शिवाच्या अंगणात विष्णूची अशी स्थापना आवर्जून पाहण्याजोगी आहे. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते.

देवाचे नाव समुद्रमंथनाच्या कथेशी जोडले जाते. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरा नदीला अमृतवाहिनी म्हणतात आणि अमृत चोरून पिणाऱ्या राहूच्या वधाची कथा तिच्या काठच्या अनेक ठिकाणी सांगितली जाते. सुमारे २०० किलोमीटर वाहून ही नदी प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. त्याआधी ती ज्या नेवाशावरून जाते, तेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मराठी वाङ्मयाच्या या मुख्य पीठाला पाणी पुरवणारी नदी रतनवाडीच्या डोंगरात जन्मते, हे नाते पाहुण्यांना क्वचितच सांगितले जाते.

रतनगडाच्या माथ्यावरील नेढे, म्हणजे वाऱ्यापावसाने कातळात आरपार पडलेले भोक, दूरवरून ओळखू येते. त्यात बसले की एका बाजूस कोकण आणि दुसऱ्या बाजूस जलाशय दिसतो. गडाला गणेश, हनुमान, कोकण व त्र्यंबक असे चार दरवाजे आहेत आणि कड्याच्या अवघड टप्प्यावर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. शेजारचा खुट्टा सुळका आणि कात्राबाईचा डोंगर हे या मुलखाचे वाटाडेच होत.

गावातील वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी जमातीची आहे. मराठेशाहीत या मुलखातील किल्ल्यांच्या राखणीत या जमातीचा मोठा वाटा होता. इंग्रजी अंमल आल्यावर हक्क व वतने गेली आणि डोंगरात उठाव सुरू झाले. अकोले तालुक्यातीलच देवगावचे राघोजी भांगरे हे त्यांचे सर्वांत मोठे नेते होत. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी देण्यात आली.

येथील शेती म्हणजे भात. उन्हाळ्याच्या अखेरीस वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या वाळल्या फांद्या पसरून जाळतात. या भाजावळीला ‘राब’ म्हणतात. त्या राखेत रोपे वाढली की आषाढाच्या पावसात, डोक्यावर इरले घेऊन, चिखलात वाकून आवणी (रोपांची लावणी) केली जाते. उतारावर नागली, वरई व खुरासणी घेतात आणि रानातून हिरडा गोळा करून विकतात. डांगी गाईबैल ही या प्रदेशाची स्वतःची जात आहे. त्यांच्या कातडीतून स्रवणारा तेलकट अंश अंगावर पाणी ठरू देत नाही आणि टणक खूर चिखलात कुजत नाहीत. इतक्या पावसात औत ओढू शकेल असे दुसरे जनावर मिळणे कठीण. गुरांवर पोट असलेल्या या समाजात आश्विन वद्य द्वादशीची वाघबारस मनापासून पाळली जाते, तेव्हा वाघोबाच्या शिळेला शेंदूर लावून नैवेद्य दाखवतात. डांगाण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यातील दुसरी मोठी परंपरा बोहाड्याची, ज्यात देवदेवतांचे लाकडी वा कागदी मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचवली जातात.

१९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण (क्षमता सुमारे ११ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट) या खोऱ्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना होय. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी खालच्या तालुक्यांत गेले, तेथे ऊस उभा राहिला आणि १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला. या समृद्धीचे मोल वरच्या खोऱ्याने मोजले. दरीतील जमिनी पाण्याखाली गेल्या, जलाशयाने वाटा लांबवल्या, आणि ज्या गावांवर हा पाऊस कोसळतो त्यांतील अनेकांची उन्हाळ्यातील पाण्याची ओढ मात्र चालूच राहिली, कारण कातळी उतारावर पाणी ठरत नाही. सहकाराच्या गौरवपर इतिहासांत ही बाजू जितकी यायला हवी तितकी आलेली नाही.

हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वैशाखअखेर ते मृगाच्या सरींपर्यंत येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे उतरतात. नर काजवे मादीला खुणावण्यासाठी चमकतात आणि पुष्कळदा झाडच्या झाड एका तालात उजळते-विझते. मोटारींचे दिवे व विजेऱ्या या मीलनात थेट अडथळा आणतात. म्हणून गाडी दूर ठेवून, दिवा न लावता, वाटाड्याबरोबर पायी जाणे हाच येथील योग्य रिवाज होय. जवळच साम्रद गावची सांदण दरी, म्हणजे दोन उंच कड्यांमधील चिंचोळी भेग, असून पावसाळ्यात तिच्यात उतरणे जिवावर बेतू शकते. रतनवाडीस मुंबई-नाशिक मार्गावरील घोटीहून शेंडीमार्गे रस्त्याने जाता येते. शेंडीहून जलाशयातून होडीनेही गावाकडे जाण्याची वहिवाट आहे.