नर्सबाई आमदार झाली त्याची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत विषय निघाला, की उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या सिस्टरबाईंनी सरपंचपदाला उभं राहावं. मागून एक काकू म्हणाल्या, "सुई टोचणं वेगळं आन् गाव चालवणं वेगळं." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन भाकऱ्या थापताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. बी.ए.ला इतिहास होता तेव्हा अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याबद्दल वाचलं होतं. त्यात भेटलेली एक नर्स आठवली. आज तिचीच गोष्ट सांगते.

नाव एडी बर्निस जॉन्सन. जन्म 1930च्या दशकातला, अमेरिकेच्या टेक्सस राज्यातल्या वेको गावचा. तिथं तेव्हा काळ्यांच्या शाळा वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. आपल्याकडच्या वेगळ्या पाणवठ्याची गोष्ट ज्यांनी आजीकडून ऐकली आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. एडीला डॉक्टर व्हायचं होतं. शाळेत सांगितलं गेलं, तू मुलगी आहेस, नर्स हो. बरं, नर्स तरी व्हावं, तर टेक्ससमधल्या मान्यताप्राप्त नर्सिंगच्या शाळा काळ्या मुलींना घेत नव्हत्या. म्हणून सोळा वर्षांची पोर रस्त्यानं दीड हजार किलोमीटरहून लांब, इंडियाना राज्यातल्या सेंट मेरीज कॉलेजात शिकायला गेली. 1955 साली नर्सिंगचं प्रमाणपत्र घेऊन परत आली.

डॅलस शहरात माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय आहे. तिथं तिला नोकरी मिळाली ती कागदपत्रांवरून, तोंड न बघता. ती दारात उभी राहिली तेव्हा सगळ्यांची पंचाईत झाली. परिचारिकांच्या वसतिगृहात ठरलेली खोली रद्द केली. रुग्णापाशी तिला पाठवण्याआधी कुणीतरी आत जाऊन सांगायचं, की ही बाई काळी असली तरी शिकलेली आहे बरं का. आपल्यातली एखादी असती तर संध्याकाळच्या गाडीनं माहेरी निघाली असती. ही सोळा वर्षं तिथंच राहिली, आणि त्याच रुग्णालयात मानसोपचार विभागाची मुख्य परिचारिका झाली. त्या पदावर पोचलेली ती पहिली काळी स्त्री. मनाचे आजार झालेल्या सैनिकांना सांभाळणं म्हणजे आरडाओरडा ऐकून घेणं, घाईनं उत्तर न देणं, रोजच्या रोज नोंद ठेवणं. पुढं विधानसभेत हेच उपयोगी पडलं असणार, असं आपलं मला वाटतं.

राजकारणाची सुरुवात मात्र रुग्णालयात झाली नाही, दुकानात झाली. डॅलसच्या मोठ्या दुकानांत काळ्या बायकांकडून पैसे घेत, पण टोपी डोक्यावर घालून बघू देत नसत, बूट पायात घालून बघू देत नसत. जॉन्सनबाईंनी साधारण पन्नास काळ्या बायका जमवल्या आणि अशा दुकानांवर बहिष्कार टाकला. पन्नास बाया म्हणजे आपले चार-पाच गट. दुकानदाराला भाषण कळत नाही, गल्ला कळतो.

मग लोक म्हणू लागले, तुम्हीच निवडणुकीला उभ्या राहा. अडचण अशी, की केंद्र सरकारच्या नोकरीत राहून तिथं पक्षाच्या तिकिटावर लढता येत नाही. आपल्याकडेही सरकारी नोकराला राजीनामाच द्यावा लागतो. बाईंचा घटस्फोट झालेला, पदरी एक मुलगा, आणि टेक्ससच्या आमदाराला पगार तेव्हा महिन्याला 400 डॉलर. कारण तिथलं अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त 140 दिवस भरतं. आमदारकी हा पोटाचा धंदा नाही, घरचं खाऊन करायचं काम, अशी तिथली रीत. शेवटी नीमन मार्कस या डॅलसच्याच नामांकित दुकानाच्या प्रमुखांनी, स्टॅन्ली मार्कस यांनी, वेळेची सवलत असलेली नोकरी देऊ केली आणि त्यांनी सरकारी नोकरी सोडली. ज्या शहरात दुकानांवर बहिष्कार टाकला, तिथल्याच दुकानानं आधार दिला! इतिहासात असं होतं कधी कधी.

1972 साली त्या टेक्ससच्या विधानसभेत निवडून आल्या. डॅलसमधून निवडून आलेली पहिली काळी स्त्री. दुसऱ्याच कार्यकाळात कामगार समितीच्या अध्यक्ष झाल्या. त्या विधानसभेत महत्त्वाच्या समितीचं अध्यक्षपद त्याआधी कुठल्याच बाईला, गोरीलाही, मिळालं नव्हतं. 1977 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना आरोग्य-शिक्षण खात्याच्या विभागीय संचालक नेमलं, म्हणून आमदारकी सोडली. 1986 साली परत आल्या, या वेळी वरच्या सभागृहात, म्हणजे राज्याच्या सिनेटवर.

आता थोडं किचकट सांगते, पण ऐका. तिथं दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघाच्या रेषा राज्याचे आमदारच आखतात. 1991 साली खासदारकीचे मतदारसंघ आखणाऱ्या उपसमितीच्या अध्यक्ष जॉन्सनबाई होत्या. डॅलसमध्ये काळ्या मतदारांचं पारडं जड होईल असा एक मतदारसंघ आखला गेला, आणि 1992 साली तिथूनच त्या खासदार झाल्या. आपल्या वॉर्डाची रेषा आपणच आखली, असं म्हणा ना. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं तो मतदारसंघ रद्द केला, कारण रेषा मुख्यतः वंश बघून आखल्या होत्या. नव्या रेषांवर निवडणूक झाली. त्या पुन्हा निवडून आल्या. इतकी वर्षं ज्यांना कुणी मोजलंच नाही, त्यांचा माणूस दिल्लीला, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनला, पोचवायचा तर दुसरा कुठला मार्ग होता, हा प्रश्न मला पडतोच. आणि न्यायालयाचं म्हणणंही पटतं. दोन्ही पटतं, काय करू!

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. 2010 साली उघडकीला आलं, की काळ्या खासदारांशी जोडलेल्या एका संस्थेच्या शिष्यवृत्त्या त्यांनी आपल्या नातवंडांना आणि नात्यातल्या इतर मुलांना दिल्या होत्या. नियमात ते बसत नव्हतं. नियम ठाऊक नव्हता म्हणाल्या, आणि पैसे भरून दिले. मी दर महिन्याला गटांची वह्या-पुस्तकं तपासते. चुलत जावेला आधी कर्ज, मग बाकीच्यांना, हे मी पाहिलेलं आहे, आणि "मला म्हाईतच नव्हतं" हेही ऐकलेलं आहे. त्यामुळं हे वाचलं तेव्हा मला बाईंचा राग आला. अजूनही थोडा आहे.

त्या तीस वर्षं खासदार राहिल्या. अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेली पहिली नोंदणीकृत नर्स त्याच. 2019 साली विज्ञान समितीच्या अध्यक्ष झाल्या, त्या जागी बसलेली पहिली बाई. अवकाशयानापासून हवामानापर्यंतचा कारभार त्या समितीसमोर येतो. 31 डिसेंबर 2023 रोजी त्या गेल्या. ज्या डॅलस शहरात त्यांना राहायला खोली दिली नव्हती, तिथल्या मुख्य रेल्वे स्थानकाला त्यांच्या हयातीतच त्यांचं नाव दिलं गेलं.

ही सगळी गोष्ट मी त्या काकूंना सांगितली. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपल्या सिस्टरबाईंचं घरचं कोण बघणार, मालकांना लकवा झालाय नव्हं?" गुरुवारच्या बैठकीत पहिला विषय तोच ठेवला आहे. पाळीपाळीनं कोण कोण जाणार, त्याची नावं लिहायची आहेत.