वेरूळचे बाहुबली आणि अंगावरची वेल



बारा भावनांमधली सहावी, अशुचि भावना, आपण लहानपणापासून ऐकत आलो. देह म्हणजे हाडामांसाची, मळाची पिशवी. त्याचा मोह नको. बायकांच्या कानावर तर हे जरा जास्तच पडतं. महिन्याचे चार दिवस म्हणू नका, बाळंतपण म्हणू नका. मग मला प्रश्न पडतो, देह एवढा अपवित्र, तर आपल्याच धर्मातल्या माणसांनी तो दगडात इतका सुंदर का कोरून घेतला?

आपल्या जालन्याहून वेरूळ साधारण ९० किलोमीटर. १ मे १९८१ ला आपला जिल्हा वेगळा झाला, तोवर आपण औरंगाबाद जिल्ह्यातलेच. त्यामुळे वेरूळ मला परगावचं वाटतच नाही. तिथल्या ३४ लेण्यांपैकी शेवटची पाच, ३० ते ३४, जैनांची. साधारण नवव्या-दहाव्या शतकातली. ती जरा लांब, उत्तरेच्या टोकाला आहेत. माणसं कैलास पाहून दमतात आणि ऊन झालं म्हणून तिथूनच परत फिरतात. आपली माणसंसुद्धा!

३२ नंबरच्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात. नाव तसं चुकीचंच. वडाखाली हत्तीवर बसलेला यक्ष लोकांना इंद्र वाटला आणि तेच नाव चिकटलं. दुसरीकडे अंबिका, सिंहावर, आंब्याच्या झाडाखाली. हे झाड नुसतं नावाला नाही, पानांचे झुबके मोजावेसे वाटतात.

पण मी थांबते ती बाहुबलींपाशी. या लेण्यांत त्यांच्या मूर्ती बऱ्याच आहेत, आणि बहुतेक ठिकाणी समोर पार्श्वनाथ. पार्श्वनाथांवर उपसर्ग चाललाय, चहूबाजूंनी हल्ला, वर नागाचा फणा. बाहुबलींकडे मात्र कसला आवाज नाही. तिथे फक्त वेल वाढतेय.

देह नीट पाहा. खांदे रुंद, हात सरळ खाली सोडलेले, पण दंडाला फुगवलेले स्नायू नाहीत की कुठे शीर नाही. जणू श्वास आत घेऊन तसाच ठेवलाय. याच कायोत्सर्गातल्या देहावर पायापासून वेल चढते, मांडीला वळसा घालते, दंडावर जाते. आपल्याकडे बांधावरच्या कडुलिंबावर गुळवेल चढते ना, तशीच; झाडाला न विचारता, आणि झाडही हलत नाही. ज्याने हे कोरलं त्याने माणसाचा देह आणि वेलीची चाल, दोन्ही कितीतरी वेळ न्याहाळली असणार. पायाशी साप, विंचू, हरीणही आहेत. त्यांना भीती वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी हा माणूस आता झाडच आहे.

त्याच राष्ट्रकूट काळात जिनसेनाचार्यांनी आदिपुराण लिहिलं. सम्राट अमोघवर्ष त्यांना गुरू मानायचा. बाहुबली वर्षभर उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, ही कथा त्यात येते. श्रवणबेळगोळची ५७ फुटी मूर्ती इ.स. ९८१ च्या सुमाराची; वेरूळचे बरेच बाहुबली त्याच्याही आधीचे मानतात.

आणि शेजारच्या त्या दोन बायका! दिगंबर परंपरेत त्या वेली दूर करणाऱ्या विद्याधरी. श्वेतांबर कथेत बहिणी येतात, ब्राह्मी आणि सुंदरी, भावाला म्हणतात, अभिमानाच्या हत्तीवरून खाली उतर. त्याच या दोघी, जिच्यापासून लिपी आली ती ब्राह्मी आणि अंक शिकलेली सुंदरी. मला दोन्ही कथा आवडतात. एकीत बायकांचे हात आहेत, दुसरीत बायकांची अक्कल.

माझ्यापुरतं उत्तर असं, की अशुचि भावना देहाचा मोह सोडायला सांगते, त्याची किळस करायला नाही. किळस असती तर त्या कारागिराने बेंबीजवळची ती मऊ गोलाई एवढ्या मायेने घासली नसती. मुलींना ही भावना शिकवताना मी आता हा फरक सांगते.

जाणार असाल तर मंगळवारी लेणी बंद असतात. सकाळी आधी ३२ नंबरला जा, कैलास नंतर. आणि वरच्या मजल्यावर गेलात की मान वर करून छतातलं मोठं कमळ बघायला विसरू नका.