क्वाइटो : भाषासंकर आणि स्वातंत्र्योत्तर आविष्कार

'संस्कृती हे संघर्षाचे शस्त्र आहे' हे घोषवाक्य काही काळ कोणी उच्चारू नये, अशी सूचना आल्बी सॅक्स यांनी 1989 मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या एका परिसंवादासाठी लिहिलेल्या निबंधात केली होती. त्याआधीच न्जाबुलो न्डेबेले यांनी निषेधपर साहित्यातील नेत्रदीपक दुःखदर्शनाला आक्षेप घेऊन सामान्य जगण्याच्या पुनर्शोधाची अपेक्षा व्यक्त केली होती. या सैद्धान्तिक चर्चेशी काहीही संबंध नसलेल्या एका नृत्यसंगीताने 1990 नंतरच्या दशकात तिच्यातील प्रश्नाला उत्तर दिले. सोवेटो आणि जोहान्सबर्गच्या परिसरातील कृष्णवर्णीयांच्या वसाहतींत जन्मलेले ते संगीत म्हणजे क्वाइटो.

हाउस संगीताची मंदावलेली लय, ठळक खर्जाचा ठेका आणि त्यावर गाण्यापेक्षा उच्चारल्या जाणाऱ्या, पुनःपुन्हा येणाऱ्या अल्पाक्षरी ओळी ही त्याची घडण होय. ब्रेंडा फासी यांच्यासारख्या गायिकांनी 1980 नंतर लोकप्रिय केलेल्या पॉप संगीताचा वारसाही त्यामागे आहे. केवळ छापील शब्द वाचणाऱ्या समीक्षकाला ही गीते पोकळ वाटणे स्वाभाविक आहे. 'अराजकीय' हा आरोप बहुधा अशाच वाचनातून आला. या आविष्काराचे राजकारण मात्र विधानात शोधण्याऐवजी भाषेत शोधावे लागते.

वर्णभेदी राजवटीने माणसांप्रमाणेच भाषांचीही विभागणी केली होती. झुलू, सोथो, खोसा अशा भाषांसाठी स्वतंत्र नभोवाणी सेवा चालवून प्रत्येक समूहाला त्याच्या 'जमाती'त बंदिस्त ठेवण्याचे धोरण होते. याउलट क्वाइटोची भाषा त्सोत्सीताल आणि इस्कामतो या रस्त्यावरच्या मिश्र बोलींची आहे. तिच्यात आफ्रिकी भाषा, इंग्रजी आणि आफ्रिकान्स निःसंकोच मिसळतात. 'क्वाइटो' या संज्ञेची एक व्युत्पत्तीही आफ्रिकान्समधील 'क्वाइ' (रागीट, उग्र) या शब्दापासून सांगितली जाते. वसाहतींच्या बोलीत त्याला 'झकास' हा अर्थ आला. ज्या आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध 1976 मध्ये सोवेटोतील विद्यार्थ्यांनी प्राण दिले, तिच्यातीलच शब्द पुढच्या पिढीने आनंदाच्या नावासाठी वापरावा, ही घटना भाषेच्या इतिहासात लहान नाही.

आर्थर माफोकाटे यांचे 1995 मधील 'काफर' हे गीत या दृष्टीने निर्णायक ठरते. मूळ अरबी शब्दाला दक्षिण आफ्रिकेत वांशिक शिवीचे रूप आले होते. ही शिवीच शीर्षक होते, आणि गीतातील कामगार ती उच्चारू नये असे मालकाला बजावतो. मात्र त्याला उद्देशून वापरलेले संबोधन अद्याप 'मालक' हेच राहते. मताधिकार मिळाला, पण कामाच्या जागेवरील नाते बदलले नाही, हा 1994 नंतरचा अंतर्विरोध त्या एका संबोधनात साठला आहे.

आनंदाचा अधिकार स्त्रीच्या वाट्याला आला, तेव्हा वाद अधिक तीव्र झाला. लेबो मातोसा आणि थेंबी सीटे यांच्या सहभागाने गाजलेल्या बूम शाका या चमूने 1998 मध्ये 'न्कोसी सिकेलेल' इआफ्रिका' हे प्रार्थनागीत नृत्याच्या ठेक्यावर सादर केले, तेव्हा पावित्र्यभंगाची ओरड झाली. चळवळीचे स्मारक झालेले गीत नव्या पिढीने आपल्या देहाच्या लयीत गावे की नाही, हा त्या वादाचा गाभा होता.

या स्वातंत्र्याला बाजाराची किनार होती, हे नाकारता येत नाही. मोटारी, वस्त्रे आणि नाममुद्रा यांचे आकर्षण या गीतांत आणि त्यांच्या दृश्यफितींत उघड आहे. स्त्रीदेह कित्येकदा केवळ सजावट बनतो. मँडोझा यांचे 2000 मधील 'न्कालाकाथा' वर्णसीमा ओलांडून गाजले. पण श्रोते एकत्र आले म्हणून त्यांची घरे आणि उत्पन्ने जवळ आली नाहीत. म्हणूनच क्वाइटोला मुक्तीचे गान किंवा चंगळवादाचे अपत्य ठरवणे सारखेच अपुरे आहे. शत्रू समोर नसताना 'आपण कोण' हे सांगण्याची भाषा कोणती, या प्रश्नाचे ते पहिले, खडबडीत उत्तर होते. प्रतिकाराच्या निकषांनीच स्वातंत्र्योत्तर कलेचे मोजमाप करणाऱ्या समीक्षेला ते ऐकू येणे अवघड आहे.