पोपटाचे पिल्लू (अमेरिकेतील घरगुती संगोपन)

अमेरिकेत घरी पाळायला आणलेल्या पोपटवर्गीय पक्ष्यांच्या पिलांना भरवणे, वाढवणे व माणसाळवणे. बजरीगर, कॉकटिएल, कन्यूर, आफ्रिकन करडा पोपट, मकाव हे तिथले नेहमीचे पाळीव पोपट. (आपल्या बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून जोडीने विकला जातो तो बहुधा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर असतो, खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा.) आपला लाल चोचीचा, कंठीवाला राघूही तिथे ‘इंडियन रिंगनेक’ या नावाने मिळतो, आणि हिरव्याखेरीज निळ्या-पिवळ्या रंगांतही. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे हाच पक्षी पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. आजोळच्या ओटीवरच्या मिठूची हौस अमेरिकेतल्या मराठी घरात कायदेशीरपणे भागते ती अशी. पाळायची रीत मात्र आजोळची चालत नाही.

अमेरिकेचा स्वतःचा कॅरोलायना पोपट संपला. त्याच्या जातीचा पिंजऱ्यातला शेवटचा नर ‘इंकस’ २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पुढची हौस आयातीवर चालली आणि आयातीबरोबर रोग आले. १९२९–३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांमुळे ‘पोपटज्वर’ (सिटॅकोसिस) माणसांत पसरला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी जानेवारी १९३० मध्ये पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. पुढे आयात पुन्हा सुरू झाली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात कोंबड्यांत न्यूकॅसल रोगाची (आपल्याकडची ‘मानमोडी’) साथ आली, तिचा माग आयात पोपटांपर्यंत लागला. ती आटोक्यात आणताना सुमारे १ कोटी २० लाख पक्षी मारावे लागले. अखेर १९९२ च्या वन्यपक्षी संवर्धन कायद्याने रानातून पकडलेल्या बहुतेक जातींच्या पोपटांची आयात थांबली. तेव्हापासून बाजारातले पिल्लू जवळपास नेहमी पक्षीपालकाच्याच पेटीत जन्मलेले असते. त्याची खूण म्हणजे पायातले अखंड कडे. पिल्लू साधारण दोन आठवड्यांचे होण्याआधी ते पायात सरकवतात. पाय वाढला की ते निघत नाही आणि मोठ्या पक्ष्याला चढतही नाही.

आईबापांकडून पिल्लू लवकर काढून हाताने भरवण्याची चाल याच व्यापारात रुजली, कारण हाताने भरवलेले पिल्लू माणसाला बिचकत नाही आणि म्हणून महाग विकते. अंड्यातून निघते तेव्हा ते आंधळे आणि उघडेवाघडे असते. त्याला सुमारे ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाची ऊबपेटी लागते. पिसांचे कोंब फुटू लागले की ऊब हळूहळू कमी करायची. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८० च्या दशकात कॉकटिएलच्या पिलांवर आहाराचे प्रयोग झाले. त्यांत असे दिसले, की वाढीला सुमारे २० टक्के प्रथिने लागतात आणि पहिल्या तीन-चार दिवसांत खाणे अगदी पातळ असावे लागते. आजच्या तयार भुकट्यांमागे अशा संशोधनाचा आधार आहे. त्याआधी ज्याची त्याची खिमट करण्याची रीत निराळी होती.

भरवण्यात खरे कौशल्य तापमानाचे. खिमट ३९ ते ४१ अंशांवर द्यावे. त्याहून गार झाले तर पिल्लू तोंड फिरवते किंवा अन्न अन्नपुटात, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीत, तुंबून आंबते. ४३ च्या वर गेले तर पिशवी आतून भाजते, आणि ते काही दिवसांनी कातडीला भोक पडल्यावर कळते. मायक्रोवेव्हमध्ये वाटी वरून कोमट आणि मध्ये चटका बसेल इतकी गरम निघते, म्हणून ढवळून तापमापक बुडवल्याशिवाय घास देऊ नये. एका वेळेस वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे ६० ग्रॅमच्या पिलाला सुमारे ६ मिलिलिटर. सिरिंज चोचीच्या डाव्या बाजूने आत धरून रोख उजवीकडे ठेवतात. पिल्लू हापशासारखी मान वरखाली करू लागले, की तेवढ्यातच दट्ट्या दाबायचा. मान थांबली की हातही थांबवायचा, नाहीतर खिमट श्वासनलिकेत जाते आणि पिल्लू हातातल्या हातात मरते. पहिल्या घासाआधी रोज सकाळी वजन करून ते मांडून ठेवावे, आणि रात्रीची पिशवी रिकामी झाली आहे ना हे बोटाने चाचपून पाहावे.

हे वाचून कोणाला हुरूप येत असेल तर तो आवरावा. ‘स्वतः भरवाल तर पिलाला तुमचा लळा लागेल’ असे सांगून न सुटलेले, म्हणजे अजून भरवावे लागणारे पिल्लू गिऱ्हाइकाच्या हाती देणारे विक्रेते आहेत. त्यात विक्रेत्याची मेहनत वाचते आणि धोका गिऱ्हाइकाच्या पदरी पडतो. आपण होऊन खाणारे पिल्लूही तितकेच लळा लावते. बजरीगर पाच-सहा आठवड्यांत सुटतो, कॉकटिएल सात-आठ, आफ्रिकन करडा तीनेक महिन्यांत. मोठ्या मकावला चार महिने किंवा जास्तही लागतात. सुटताना वजन थोडे उतरते, त्याने घाबरू नये. पंख कापायचेच असतील तर आधी पिलाला नीट उडायला शिकू द्यावे.

अमेरिकी घरातले मोठे संकट स्वयंपाकघरात असते. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, त्यामुळे प्राणवायू जसा भराभर मिळतो तसे विषही. नॉनस्टिक तवा रिकामाच तापला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या, आपल्याला न जाणवणाऱ्या वायूने पोपट काही मिनिटांत मरतो. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात. अशा वेळी फोडणीचा ठसका, उदबत्ती आणि कापूर यांपासूनही पिंजरा दूर हवा. ॲव्होकाडो, चॉकलेट, कॉफी, कांदा वर्ज्य. पेरू आणि हिरवी मिरची मात्र खुशाल द्यावी; मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. आजोळची एवढी एक रीत तिथेही चालते.

रिंगनेकच्या पिलाचा नर-मादी भेद दिसत नाही. नराच्या गळ्यातली कंठी उमटायला दीड ते तीन वर्षे जातात, त्यामुळे ‘राघू’ने अंडे घातल्याची उदाहरणे घरोघर आहेत. खात्री हवी असेल तर पिसाची डीएनए चाचणी होते. चार-सहा महिन्यांचा झाल्यावर तो काही काळ फुत्कारतो, चावतो. पाळणारे याला ‘ब्लफिंग’ म्हणतात. हात झटकन मागे घेतला तर चावण्याची खोड पक्की होते.

बोलण्याबाबत ‘पोपटपंची’ हा शब्द पक्ष्यावर अन्याय करतो. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोजवळच्या दुकानातून सुमारे वर्षाचा आफ्रिकन करडा पोपट घेतला आणि तोही दुकानदारालाच निवडायला सांगून. हा ‘ॲलेक्स’ २००७ मध्ये मरेपर्यंत शंभरेक शब्द शिकला होता. रंग, आकार आणि संख्या ओळखून सांगत होता. शिकवण्याची पद्धत अशी, की दोन माणसांनी त्याच्यासमोर वस्तू एकमेकांना मागायची-द्यायची आणि पक्ष्याने ते पाहायचे. एकच शब्द कानीकपाळी ओरडण्यापेक्षा ही पद्धत घरीही चांगली चालते.

कायदा राज्यागणिक बदलतो. क्वेकर पोपट पाळायला कॅलिफोर्नियात पिकांच्या भीतीने मनाई आहे, तर न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीच्या कमानीवर सुटलेल्या याच पोपटांची पिलावळ काटक्यांची मोठाली घरटी बांधून राहते. कॅलिफोर्नियातल्याच बेकर्सफील्ड शहरात सुटलेल्या रिंगनेकांचे थवे आहेत, आणि संध्याकाळी झाडांवर उतरताना ते जो कलकलाट करतात तो अगदी आपल्याकडच्या वडाखाली ऐकू येणारा असतो.