मूत्राशयातला दिवा

मूत्राशयात खडा आहे की नाही, हे दोनशे वर्षांपूर्वीचा शल्यवैद्य कानाने ठरवायचा. मूत्रमार्गातून धातूची वाकडी सळई आत सरकवायची आणि ती कशावर आपटून ‘टक्’ वाजते का, ते ऐकायचे. खड्याचे निदान असे निभावून जाई. पण गाठ वाजत नाही. लघवीतून रक्त का जाते, हे पुष्कळदा रोगी दगावल्यावरच कळे.

फ्रँकफुर्टच्या फिलिप बोत्सिनीने 1806च्या सुमारास कातडे चढवलेला पत्र्याचा कंदील केला. आत मेणबत्ती, तिच्यामागे आरसा, पुढे निरनिराळ्या जाडीच्या नळ्या. व्हिएन्नाच्या लष्करी वैद्यक अकादमीला तो आवडला. विद्यापीठाच्या वैद्यकांनी मात्र नाक मुरडले. दोन्ही संस्थांचे आपसांत पटत नव्हते, हेही त्यामागे होतेच. 1809 मध्ये टायफसच्या साथीत रुग्णांवर उपचार करता करता बोत्सिनी गेला. वय अवघे 35.

पुढे 1853 मध्ये पॅरिसच्या देसोर्मो याने मेणबत्तीऐवजी अल्कोहोल आणि टर्पेंटाइनचा दिवा लावला. उजेड वाढला, धूर आणि चटकेही वाढले. शिवाय लांब, अरुंद नळीतून पलीकडे पोचणारा प्रकाश तो किती! दिसायचा तो मूत्राशयाचा नाण्याएवढाही नसलेला तुकडा.

खोलीत उजेड हवा तर दिवा आत न्यायला हवा, हे ओळखले माक्सिमिलियन नित्सेने. ड्रेस्डेनमध्ये 1877 साली त्याने आपले यंत्र आधी शवावर दाखवले. नळीच्या टोकाला विजेने पांढरीफटक तापणारी प्लॅटिनमची तार होती. मूत्राशय भाजू नये म्हणून तिच्याभोवती थंड पाणी सतत खेळते ठेवावे लागे. धाडसच म्हणायचे, करणाऱ्याचे आणि त्याहून करवून घेणाऱ्याचे! नळीत भिंगे बसवून त्याने दृश्यही मोठे केले. 1879 मध्ये व्हिएन्नाचा कारागीर योझेफ लाइटर याच्या मदतीने यंत्र सुधारले. पुढे श्रेयावरून दोघांचे बिनसले. एडिसनचा बल्ब आला आणि 1880च्या दशकात त्याचा इवलासा अवतार थेट नळीच्या टोकावर बसला. पाण्याचा खटाटोप संपला.

बल्ब मात्र ऐन तपासणीत जायचे, आणि प्रतिमा अंधूकच राही. लिव्हरपूलचे मूत्ररोग शल्यवैद्य जेम्स गाऊ यांनी हे गाऱ्हाणे हॅरॉल्ड हॉपकिन्स या पदार्थवैज्ञानिकापुढे मांडले. तोवर नळीत हवा जास्त आणि काच कमी असे. हॉपकिन्सने हिशेब उलटा केला. काचेचे लांब दंड आणि त्यांच्यामध्ये हवेच्या चिंचोळ्या फटी! प्रकाश कित्येक पटींनी वाढला. ब्रिटिश कंपन्यांनी रस दाखवला नाही. टुटलिंगेनच्या कार्ल श्टोर्त्सने दाखवला आणि 1967 मध्ये दुर्बीण बाजारात आणली. प्रकाश काचतंतूंमधून येऊ लागला, म्हणून दिवा पुन्हा शरीराबाहेर गेला. त्या तंतूंवर हॉपकिन्ससोबत 1954 मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध लिहिणारे नरिंदरसिंग कपानी पंजाबातल्या मोग्याचे.

आज मूत्रमार्ग बधिर करणारी जेली घालून लवचिक सिस्टोस्कोप, म्हणजे मूत्राशयाची दुर्बीण, आत जातो, सलाइनने मूत्राशय फुगवतात आणि चित्र पडद्यावर उमटते. रुग्णालाही ते बघता येते. कर्करोगाची सपाट, पसरट वाढ पांढऱ्या उजेडात निसटू शकते. तिच्यासाठी काही ठिकाणी आधी मूत्राशयात औषध सोडतात आणि मग निळा प्रकाश टाकतात. त्यात रोगट पेशी गुलाबी-लाल चमकतात.