चारशे यार्डांतली कोंडी

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कले विद्यापीठ, अंतर जेमतेम चारशे यार्ड. तरी दोघांमधला माहिती पोचण्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला! नेटवर्किंग शिकवताना मी ही हकिगत आवर्जून सांगतो. पोच आली नाही की संगणक माहितीचं तेच पॅकेट पुन्हा धाडायचे; तुंबलेली वाट आणखीच तुंबायची. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी तोड काढली: पॅकेट हरवलं की हात आखडायचा, मग हळूहळू सैल सोडायचा. पण माझा जीव रमतो तो त्यांच्या चाचणीत. एकाच मायक्रोवेव्ह लिंकवर त्यांनी संगणकांच्या चार जोड्यांची देवाणघेवाण तीन-तीन सेकंदांनी सुरू केली, म्हणजे खरीखुरी गर्दीच. जुन्या रीतीत ११,००० पॅकेटांपैकी ४,००० दुबार गेली होती. नव्या रीतीत ८,२८१ पैकी फक्त ८९.